कट्ट्यावरून शहर लिहिताना : सोलापूरच्या नव्या लेखकांसाठी

सोलापूरवर लिहायला बसलेल्या बहुतेकांचा पहिला लेख एकाच वळणाने जातो, हे नवोदितांचे लेखन वाचताना मला पुन्हा पुन्हा जाणवले आहे. आरंभी ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर, मग चादर, मग शेंगाचटणी आणि कडक भाकरी, त्यानंतर बंद पडलेल्या गिरण्या आणि शेवटी ‘असे हे आमचे सोलापूर’. यातील एकही गोष्ट खोटी नाही. पण हाच लेख सोलापुरात कधी पाऊल न टाकलेला माणूसही घरबसल्या लिहू शकतो, आणि सोलापुरातच वाढलेल्या वाचकाला त्यातून नवे काही मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत ९,५१,५५८ लोकसंख्या नोंदवली गेलेले हे शहर एका लेखात मावणार नाही. एक चौक मात्र मावतो, एक बोळ मावतो, एखाद्या दुकानाची पायरी मावते. ज्यांनी आजवर काहीच लिहिलेले नाही, पण आपल्या पेठेबद्दल, कॉलनीबद्दल किंवा रोजच्या रस्त्याबद्दल लिहावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हा क्रम मी मांडत आहे. तो मी स्वतः चुका करत शिकले आणि त्यातील एक चूक पुढे सविस्तर सांगणार आहे.

१. जागा निवडणे

घरापासून पायी जाता येईल अशी जागा निवडावी. रिक्षाने किंवा गाडीने जावे लागणारी जागा कितीही आकर्षक असली तरी तिथे तुमच्या फेऱ्या दोनच होतील, आणि दोन फेऱ्यांवर लेख उभा राहत नाही. दुसरे असे, की त्या जागी काहीही विकत न घेता निदान तासभर बसता किंवा उभे राहता आले पाहिजे. हॉटेलातील टेबल ही गिऱ्हाइकाची जागा असते. चहाच्या टपरीसमोरचा दगड कोणाचाही असतो.

आपल्या भाषेत अशा जागांना फार नेमके शब्द आहेत आणि त्यांचा नीट विचार केला तर अर्धे निरीक्षण तिथेच होते. ओटा घराचा असतो, पण त्याचे तोंड रस्त्याकडे असते, म्हणून त्यावर बसलेली बाई घरात असते आणि रस्त्यावरही असते. पार झाडाभोवती असतो आणि त्याची मालकी सांगायला सहसा कोणी येत नाही. तालीम मूळची कुस्तीची, पण आपल्याकडे गणेशोत्सवाचे मंडळही तिच्याच नावाने ओळखले जाते. वेशीची कमान गेली तरी नाव राहते. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस असे आपण सहज म्हणतो आणि शहराची जुनी हद्द नकळत उच्चारतो. कट्टा हा शब्द तर आपल्याकडे अतिशय मोलाचा आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेतील, म्हणजे आपल्या गड्ड्यातील, सिद्धेश्वरांच्या योगदंडाच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा ज्या जागी होतो तिचे नावच ‘सम्मती कट्टा’ आहे. ज्या शहराचा सर्वांत मोठा सोहळा एका कट्ट्यावर पार पडतो, त्या शहराच्या लेखकाने कट्ट्यापासून सुरुवात करणे मला अगदी स्वाभाविक वाटते.

मधला मारुती, कोंतम चौक, अशोक चौक, सात रस्ता, सिद्धेश्वर तलावाचा काठ, पार्क चौकातील चौपाटी, रेल्वे स्टेशनसमोरचा रिक्षाथांबा, आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणून ओळखला जाणारा कंबर तलाव, यांपैकी कोणतीही जागा चालेल. मात्र जुन्या पेठाच लिहिण्याजोग्या असतात हा समज सोडून द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जुळे सोलापूर, विजापूर रोड आणि होटगी रोडवरच्या वसाहतींबद्दल माझ्या वाचनात फारच थोडे आले आहे, आणि तिथे राहणाऱ्या तरुणांना आपल्या कॉलनीत ‘लिहिण्यासारखे काही नाही’ असे वाटते, याचे मला वाईट वाटते. शहराजवळच्या कुंभारीकडे पाहावे. तिथे विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये सुमारे १०,००० घरांनिशी उभी राहिली आणि तिथल्याच असंघटित कामगारांच्या रे नगर वसाहतीतील पहिल्या १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. एवढी माणसे एकदम नव्या जागी राहायला गेली की तिथला पहिला कट्टा कुठे तयार होतो, पहिली चहाची टपरी कोणत्या वळणावर लागते, जुन्या बोळातल्या शेजारणी नव्या रांगेत एकमेकींना कशा शोधतात, हे पाहून लिहून ठेवण्याचे काम आजच करावे लागेल. वीस वर्षांनी ते कोणालाही आठवणार नाही.

२. सहा वेळा जाणे

एकच जागा वेगवेगळ्या वेळी किमान सहा वेळा पाहिल्याशिवाय लिहायला बसू नये. पहाट, दुपार, संध्याकाळ, रात्र, सुटीचा दिवस आणि पाण्याचा दिवस, अशी विभागणी मी सुचवते. शेवटचा शब्द सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे कित्येक वर्षे नळाला रोज पाणी येत नाही, ते काही दिवसांआड येते, आणि ज्या दिवशी ते येते त्या दिवशी त्या भागाचे घड्याळच बदलते. कामावर जाण्याच्या वेळा पुढे-मागे होतात, दारात पिंपे येतात, मोटारींचा आवाज सुरू होतो, आणि एरवी न बोलणाऱ्या दोन घरांत पाइपवरून बोलणे होते. सार्वजनिक जीवनाबद्दल लिहायचे असेल तर पाण्याच्या दिवसाइतकी मोठी शाळा नाही.

उन्हाळ्यातील दुपारही चुकवू नये. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो तेव्हा चौक ओस पडतो असे आपण म्हणतो, पण तो पूर्ण ओस कधीच पडत नाही. त्या वेळी बाहेर कोण आहे, त्यांना सावली कोणाची मिळते, झाडाची, फलकाची की उभ्या ट्रकची, आणि पाणी कुठून मिळते, एवढेच टिपले तरी त्या चौकाविषयी पुष्कळ काही कळते.

सहा खेपांचा हट्ट मी का धरते ते एका प्रसंगाने सांगते. पूर्व भागातील एका बोळात मी पहिल्या चार वेळा गेले तेव्हा माझ्या वहीत ‘यंत्रमागांची खटखट’ एवढेच आले होते. तो आवाज इतका सलग असतो की थोड्या वेळाने तो ऐकू येणेच बंद होते आणि मग आपण इतर गोष्टी शोधू लागतो. पाचव्या खेपेला, दुपारी तीनच्या सुमारास, वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत मला प्रथमच त्या बोळातले शिलाई मशीन, कुकरची शिटी आणि वरच्या मजल्यावरचे रडणारे मूल ऐकू आले. दोन कामगार अंगावरचे सुताचे तंतू झटकत बाहेर ओट्यावर येऊन बसले आणि शेजारी शेजारी बसूनही एकमेकांशी ओरडून बोलू लागले. आवाज थांबला होता, पण गळ्याची सवय तशीच राहिली होती. समोरच्या दारातील आजींनी घाईघाईने फोन लावला आणि सासरी असलेल्या मुलीशी बोलायला घेतले. ‘आत्ता ऐकू येतंय, बोल,’ हे त्यांचे पहिले वाक्य होते. वीस मिनिटांनी वीज आली, आजींनी ‘आली गं’ एवढे म्हणून फोन ठेवला आणि कामगार आत गेले. जेवढे विणले तेवढीच मजुरी असल्यामुळे ती वीस मिनिटे त्या दोघांच्या हिशेबातून गेलेली होती. माझा लेख त्या वीस मिनिटांवर झाला, आणि पहिल्या चार खेपा झाल्या नसत्या तर त्या शांततेचे महत्त्व मला कळलेच नसते.

सणाच्या दिवशी जरूर जावे, पण पहिल्यांदा जाऊ नये. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, रमजानमध्ये विजापूर वेशीत भरणारा मीना बाजार, गणपतीच्या मिरवणुकीतले लेझीम, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची मिरवणूक किंवा सिद्धेश्वर यात्रेत बाराबंदी घातलेल्या भक्तांनी तोललेले सात नंदीध्वज, हे सारे इतके भव्य असते की नवशिक्याच्या वहीत फक्त विशेषणे उरतात. रस्ता एरवी कसा असतो हे आधी ठाऊक असेल तरच त्या दिवशी तो कसा बदलला, कोणत्या दुकानदाराने फळी मागे घेतली, कोणत्या घराने पाण्याचे पिंप दारात ठेवले, हे दिसते.

३. वही

पहिल्या तीन खेपांना फोनवर ध्वनिमुद्रण करू नये आणि छायाचित्रेही काढू नयेत. फोन समोर धरला की माणसे बदलतात, आणि आपलेही पाहणे थांबते. साधी वही घ्यावी, प्रत्येक पानावर तारीख, वार, वेळ आणि आपण नेमके कुठे बसलो आहोत ते लिहावे. मोजता येण्यासारखे काही असेल तर मोजावे : अर्ध्या तासात किती माणसे थांबली, त्यांत स्त्रिया किती होत्या, किती वेळ बसल्या.

ही शेवटची नोंद मी फार मनापासून करायला सांगते. मी पहिल्यांदा एका चौकातील कट्ट्यावर बसले तेव्हा दहा मिनिटांत तीन जणांनी मला ‘कुणाची वाट बघताय का?’ असे विचारले. विचारणाऱ्यांच्या मनात काहीही वाईट नव्हते. बाई चौकात बसली आहे म्हणजे ती कोणाची तरी वाट पाहत असणार, एवढाच त्याचा अर्थ होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक जागी पाहते की स्त्रिया कुठे बसतात. देवळाच्या पायरीवर, बसथांब्यावर, दवाखान्याबाहेर, शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी, म्हणजे जिथे बसण्याला काही कारण आहे तिथे त्या दिसतात. विनाकारण बसलेल्या दिसतात त्या प्रामुख्याने स्वतःच्या ओट्यावर. तुमच्या जागी चित्र वेगळे असेल तर मला ते वाचायला आनंदच वाटेल, पण मोजल्याशिवाय कोणतेही विधान करू नये.

४. कानावर पडणारी भाषा

सोलापूर लिहिताना सर्वांत अवघड आणि सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. आपल्या एका चौकात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू या चारही भाषा पाच मिनिटांत कानावर पडू शकतात. विणकाम करणारा पद्मशाली समाज तेलुगू बोलत आला, सिद्धरामेश्वरांची, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांची, परंपरा कन्नड, बाजारात आणि रिक्षात दख्खनी, आणि या सर्वांना जोडणारी सोलापुरी मराठी, जिच्यात माणूस ‘जातोय’ न म्हणता ‘जाऊलालोय’ म्हणतो. अक्षता सोहळ्यात सम्मतीचे, म्हणजे त्या विधीतील कन्नड वचनांचे, वाचन होताना ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ हे शब्द कानी पडताच हजारो हातांतून अक्षता उधळल्या जातात. त्या गर्दीतील अनेकांच्या घरी कन्नड बोलली जात नाही, तरी तो क्षण कोणाचाही चुकत नाही. आपण कोणत्या शहराबद्दल लिहितो आहोत हे त्या एका दृश्यात आहे.

लिहिताना मात्र प्रत्येकाच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली जाते आणि चौक मुका होतो. तसे करू नये. माणूस जे बोलला ते शक्य तितके तसेच, देवनागरीत लिहावे. ‘बर्री’ म्हणून स्वागत झाले तर ‘बर्री’च लिहावे, अर्थ संदर्भातून कळत असेल तर तो पुन्हा सांगू नये, आणि कळत नसेल तर पुढच्या वाक्यात तो अलगद आणावा. दख्खनीतला ‘नक्को’ आणि होकाराचा ‘हौ’ कोणत्याही सोलापूरकराला कळतो. ज्या भाषेतले आपल्याला कळत नाही तिच्यातले वाक्य कानाने अंदाजे लिहून छापू नये. ती भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्याकडून तपासून घ्यावे. वृत्तनिवेदनाची भाषा प्रमाण असावी, संवाद बोलीत असावेत, हा साधा नियम नवशिक्याला पुरतो.

एका बाबतीत मी कठोर आहे. बोली हसवण्यासाठी वापरू नये. ‘काय करलालास बे’ हे वाक्य आपल्याकडे मित्र मित्राला प्रेमाने म्हणतो, आणि ते फक्त विनोदी पात्राच्या तोंडी घातले की आपण आपल्याच आई-वडिलांच्या भाषेला खालच्या पायरीवर बसवतो. शिकलेल्या, गंभीर, दुःखी माणसांच्या तोंडीही ती बोली येऊ द्यावी, कारण प्रत्यक्षात ती येतेच.

भाषेचाच दुसरा भाग म्हणजे व्यवसायाचे शब्द. विणकामाबद्दल लिहायचे असेल तर ताणा आणि बाणा, धोटा, कांडी, बीम, जेकार्ड हे शब्द कोणत्या वस्तूचे आहेत हे माग पाहूनच समजून घ्यावे. विड्यांबद्दल लिहायचे असेल तर तेंदूपत्ता भिजवणे, पान कात्रीने मापात कापणे, तंबाखू भरून वळणे, दोऱ्याने बांधणे आणि सूप मांडीवर घेऊन हे सारे बोलता बोलता करणे, यातील प्रत्येक क्रिया वेगळी पाहावी. तपासताना बाजूला काढलेल्या विड्यांना ‘छाट’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात कामगार बाईच्या आठवड्याचा हिशेब सामावलेला असतो. शब्द माहीत नसेल तर विचारावा. कामाबद्दल विचारलेले माणसांना आवडते, असा माझा अनुभव आहे.

५. माणसांशी बोलणे, आणि माझी चूक

बोलायला सुरुवात करताना योग्य हाक फार उपयोगी पडते. वयस्क बाईंना मावशी किंवा अक्का, पुरुषांना अण्णा, मामा, चाचा, जशी वस्ती तशी हाक. ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हटले की समोरचा माणूस आपल्याला कसल्यातरी कार्यालयातून आलेले समजतो, आणि मग उत्तरेही कार्यालयाला द्यावीत तशी मिळतात. आपण कोण, कुठे राहतो, कशासाठी विचारतो आणि हे छापले जाणार आहे की नाही, हे पहिल्या दोन मिनिटांत सांगितलेच पाहिजे. पहिल्या भेटीत घर, मजुरी, कर्ज, आजार यांबद्दल विचारू नये. मुलांशी बोलायचे तर घरातले मोठे माणूस जवळ असावे.

आता चूक. काही वर्षांपूर्वी मी विड्या वळणाऱ्या एका बाईंवर लेख लिहिला. त्यांनी परवानगी दिली होती आणि मी त्यांचे नाव दिले नव्हते. पण बोळ दिला होता, दाराचा निळा रंग दिला होता, तीन मुली दिल्या होत्या, आणि माल देताना छाट कशी काढली जाते याबद्दलचे त्यांचे एक वाक्य जसेच्या तसे दिले होते. लेख छापून आल्यावर पुढच्याच आठवड्यात त्यांची छाट वाढली. तपासणाऱ्याने काही बोलून दाखवले नाही, त्याला त्याची गरजही नव्हती. मी पुन्हा भेटायला गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. सूप बाजूला ठेवून मला पाणी दिले आणि म्हणाल्या, ‘ताई, तुमी लिव्हलेलं समदं खरं हाय. पण ती मीच हाय हे कशाला कळू दिलाव?’ त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळते आणि तुम्हीही पाळाव्यात अशी विनंती करते. ज्याची रोजी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे त्याचे नाव बदलणे पुरेसे नाही. ज्यावरून तो ओळखू येईल असा बोळ, दार, कुटुंब, वय यांचा संपूर्ण मेळ मोडावा लागतो. मजुरी, मालक, भाडे, पोलीस किंवा पालिका यांच्याविरुद्धचे वाक्य छापण्यापूर्वी त्या माणसाला ते वाचून दाखवावे आणि ‘हे आले तर तुम्हाला काय होईल?’ असे स्पष्ट विचारावे. तिसरे असे, की फेरीवाल्यांच्या बाबतीत जागेचा नेमका उल्लेख टाळावा, कारण आपल्या कौतुकाच्या लेखामुळेही एखाद्या गाड्यावर कारवाई होऊ शकते.

६. कागदपत्रे पाहणे

जागा पाहून झाल्यावरच ग्रंथालयात जावे. आधी गेलात तर जागेवर तुम्ही पुस्तकातलेच शोधत बसाल. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेले मुंबई इलाख्याचे सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर, हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांतील पुस्तके आणि स्थानिक दैनिकांचे जुने अंक, एवढ्यावर बरेच काम होते. पेठेतील शाळेचे, देवस्थानाचे किंवा मंडळाचे स्मरणिका-अंक कोणी महत्त्वाचे मानत नाही, पण त्यांतील जाहिराती पाहिल्या तर एका रस्त्यावर कोणती दुकाने होती हे कळते.

ऐकीव गोष्ट आणि नोंद यांतला फरक लेखात दिसला पाहिजे. सोळा गावे मिळून सोलापूर झाले, हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. सिद्धरामेश्वरांच्या काळी, म्हणजे बाराव्या शतकात, या गावाचे नाव सोन्नलगी होते, आणि सोळा गावांची व्युत्पत्ती अभ्यासक मान्य करत नाहीत. याचा अर्थ आजोबांनी सांगितलेली गोष्ट लेखातून काढून टाकावी असा नाही. ती ‘असे सांगतात’ म्हणून ठेवावी, कारण लोक आपल्या गावाबद्दल काय मानतात हाही त्या गावाचा भाग असतो.

इतिहास जागेला चिकटून यावा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली, ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळते. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला होता, हीसुद्धा मिळते. पण १२ जानेवारीला सकाळी या चार हुतात्म्यांचे पुतळे असलेल्या चौकात उभे राहावे. चौघांच्या पुतळ्यांना हार घातले जात असतात आणि त्याच दिवसांत शहर गड्ड्याच्या तयारीत असते, होम मैदानावर पाळणे उभे राहत असतात. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा आणि एक मारवाडी, अशा चार घरांतली ही माणसे. त्यांच्या पायाशी आज चार भाषांत बोलणारी गर्दी रस्ता ओलांडते. हे जोडून पाहणे हे लेखकाचे काम आहे, आणि ते जागेवर गेल्याशिवाय सुचत नाही.

नाहीशा होऊ घातलेल्या गोष्टींची नोंद लवकर करावी. शहरातील पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, तिला लोक शेवटपर्यंत ‘जुनी गिरणी’च म्हणत राहिले, आणि तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी आता फार थोडी उरली आहे. त्यांना भोंग्याबद्दल नुसते ‘आठवते का?’ असे विचारू नये. भोंगा झाला की घरात कोण उठत असे, डबा कोण नेत असे, पगाराच्या दिवशी कोणत्या दुकानी उधारी फिटत असे, असे विचारावे. होटगी रोडवरील विमानतळाला अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, तेव्हा ते दृश्य असंख्य फोनांत टिपले गेले. त्या चिमणीच्या रोखाने रोज घरची दिशा ओळखणाऱ्या माणसाचे म्हणणे मात्र कोणी लिहून घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

७. लिहायला बसणे

पहिला लेख ७०० ते ८०० शब्दांचा असावा. सुरुवात इतिहासाने करू नये. वहीतील ज्या नोंदीपाशी तुम्ही पुन्हा पुन्हा थांबता तिथून करावी. ‘ऐतिहासिक’, ‘गजबजलेला’, ‘सुप्रसिद्ध’, ‘बहुभाषिक’ हे शब्द आले की ते खोडून त्यांच्या जागी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिहावी. ‘गजबजलेल्या चौकात’ याऐवजी ‘रस्ता ओलांडायला आजोबांनी चौथ्यांदा पाऊल पुढे टाकले आणि मागे घेतले’ असे लिहिले तर गजबज आपोआप येते. पदार्थांबद्दल लिहिताना चव सांगण्यापेक्षा वेळ आणि माणसे सांगावीत : डिस्को भजीची कढई किती वाजता तापते, पहिले गिऱ्हाईक कोण, रात्री शेवटचा घाणा कोणासाठी निघतो.

शहरातील त्रासाबद्दल जरूर लिहावे. पदपथावरून चालता येत नाही, बागेत बाकडे मोडले आहे, रात्री दिवा लागत नाही, हे सगळे सार्वजनिक जागेचे विषय आहेत. पण तक्रारीचा अर्ज आणि लेख यांत अंतर ठेवावे. मोडक्या बाकावरही रोज कोण बसते आणि तो तोल कसा सांभाळतो, हे लिहिले तर वाचकाला बाक दुरुस्त व्हावा असे स्वतःहूनच वाटेल.

कच्चा खर्डा झाला की तो आठ दिवस बाजूला ठेवावा आणि सातव्यांदा त्या जागी जावे. काही वाक्ये तिथे उभे राहून वाचताच चुकीची वाटतात. ती काढावीत.

८. लेख त्या जागी परत नेणे

छापण्यापूर्वी लेख त्या जागेतल्या निदान एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा. वाचायला देऊ नये, वाचून दाखवावा. अनेकांचे मराठी वाचन जेमतेम असते, पण ऐकणे फार तीक्ष्ण असते. जिथे त्यांचे लक्ष दुसरीकडे जाईल तिथे तुमचा लेख सैल आहे असे समजावे, आणि जिथे ते मध्येच बोलू लागतील तिथे आणखी काही लिहिण्यासारखे आहे. छापून आल्यावर अंकाची प्रत त्यांना नेऊन द्यावी आणि एक प्रत जवळच्या वाचनालयात ठेवावी.

पूर्व भागातील त्या बोळावरचा लेख मी हातमागावर आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध विणकरांना त्यांच्याच ओट्यावर वाचून दाखवला होता. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला. आजींच्या फोनपाशी ते हसले आणि वीस मिनिटांच्या मजुरीपाशी त्यांनी मान हलवली. शेवटी त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. मी ‘धोटा सरकतो’ असे लिहिले होते. ‘सरकत न्हाई, पळतो,’ ते म्हणाले, आणि उजव्या हाताने हवेतच दोरी ओढून दाखवली. मी तिथेच पेनाने तो शब्द बदलला आणि त्या दुरुस्तीसह लेख छापायला दिला.